किती गेल्या?

रात्री साडेनऊला अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आमच्या लॉजच्या काउंटरवर फोन जायचा. गुडघे दुखायला लागल्यापासून त्यांना लॉजचा जिना चढवत नव्हता, तिकडे जाणं थांबलं होतं. फोन मात्र थांबला नाही. "किती गेल्या?" एवढाच प्रश्न. पलीकडून रात्रीच्या काउंटरवर बसणारे मामा सांगायचे, "तेरा." किंवा, "सतरा. आन् सकाळी दोन एमआर येणार हायत." एमआर म्हणजे औषध कंपन्यांचे फिरते प्रतिनिधी. झालं, फोन खाली. घरी नवीन पाहुणं असलं तर हमखास विचारायचं, काय गेल्या? खोल्या. आमच्याकडे खोली भाड्याने लागत नाही, खोली 'जाते'. न गेलेली 'राहते'.

शाहूपुरीत, एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशनच्या मध्ये आमचं लॉज आहे. आजोबांनी बांधलेलं, तीन मजली, २२ खोल्यांचं. कोल्हापुरात 'हॉटेल' म्हटलं की लोकांना आधी मिसळ नाहीतर तांबडा-पांढरा आठवतो. राहायचं ते 'लॉज'. मी लग्नानंतर राजारामपुरीत राहायला गेले, पण लॉजचे हिशेब माझ्याकडेच राहिले. अण्णांना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांच्या वह्या चाळताना लक्षात येतं, की त्या एका प्रश्नात त्यांनी अख्खा धंदा धरला होता.

कपिलतीर्थ मार्केटात संध्याकाळी उशिरा गेलं तर भाजीवाली मावशी मेथीच्या दोन जुड्या एकीच्या भावात देते. उद्या ती मेथी राहणार नाही हे तिला माहीत असतं. खोली मेथीपेक्षा नाजूक. मेथी निदान जनावराला घालता येते. काल रात्री राहिलेली खोली आज कुणालाच देता येत नाही. आणि राहिली तरी काउंटरवरच्या माणसाचा पगार, घरफाळा, वीजबिल, बँकेचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून रात्री अकराला एखादा दमलेला माणूस येऊन "हजारात देता का?" म्हणाला, तर १,४०० ची खोली द्यायची का, हा या धंद्यातला रोजचा पेच. चादरी, पाणी, साबण, सफाई धरून गेलेल्या खोलीला जास्तीचा खर्च दोनएकशे रुपये येतो. त्यावर मिळेल ते हातात. पण तोच माणूस पुढच्या वेळी हजारच देणार, आणि दहा जणांना सांगणार. अण्णा म्हणायचे, "दर उतरवायला एक रात्र लागते, चढवायला वर्ष."

मोठ्या हॉटेलांत याच गणिताला 'रेव्हपार' म्हणतात, म्हणजे असलेल्या प्रत्येक खोलीमागची कमाई. समजा २२ पैकी १३ खोल्या सरासरी १,४०० ने गेल्या. दिवसाचे १८,२०० रुपये झाले. ते भागायचे २२ ने, १३ ने नाही. उत्तर ८२७. राहिलेल्या नऊ खोल्यांनाही भागाकारात बसवायचं, म्हणजे त्यांचं रितेपण आकड्यात उतरतं. मी हे अकौंट्सच्या नोकरीत शिकले आणि मोठ्या उत्साहाने अण्णांना दाखवलं. त्यांनी जुनी वही काढून दिली. रोजच्या तारखेपुढे गेलेल्या, राहिलेल्या, जमा, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात भागाकार. १९८७ सालापासून.

खरं तर आमची खोली कधी कधी एका दिवसात दोनदा जाते. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी आली की माणसं थेट चालत येतात. रात्रभरचा प्रवास, डोळे चुरचुरत असतात, अंघोळ करून अंबाबाईला जायचं असतं. मग जोतिबा, वेळ उरला तर पन्हाळा, आणि रात्रीच्या गाडीने परत. त्यांना रात्र नको, दिवस हवा. मोठ्या हॉटेलांची पद्धत बारा वाजताची, दुपारी आत आणि दुपारी बाहेर. सकाळी सातला दारात आलेल्या बाईला ती पद्धत काय कामाची? आमच्याकडे आल्यापासून चोवीस तास, आणि दिवसापुरती हवी असेल तर त्याचा दर वेगळा. नवरात्रात, चैत्रात जोतिबाच्या यात्रेला, आणि नोव्हेंबरातल्या नि जानेवारीअखेरच्या, मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर येतात त्या किरणोत्सवाच्या दिवसांत ही ये-जा इतकी वाढते, की आमचं पोरगं एक खोली अठरा मिनिटांत तयार करतं. मी घड्याळ लावून बघितलंय.

खोली तयार करणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगायला गेलं तर फार साधं वाटतं. पांढरी चादर. एका पलंगामागे तीन जोड लागतात: एक पलंगावर, एक धोब्याकडे, एक कपाटात. चौथा असला तर बरं, कारण कोल्हापूरचा पाऊस. जून ते सप्टेंबर धोब्याकडची चादर वाळत नाही, आणि अर्धवट वाळलेल्या चादरीचा वास गिऱ्हाईक दार उघडताच ओळखतं. रंगीत चादरी घाला, डाग दिसत नाहीत, असा सल्ला आम्हाला कितीतरी जणांनी दिला. अण्णांनी तो कधी मानला नाही. पांढऱ्यावर डाग दिसतो म्हणूनच पांढरी घालायची. अनोळखी माणूस दुसऱ्याच्या पलंगावर पाठ टेकणार आहे, त्याला काहीतरी पुरावा हवा. गरम पाण्याचंही तसंच. आजोबांच्या काळात मागच्या अंगणात तांब्याचा मोठा बंब होता आणि बादलीने पाणी वर जायचं. मग गच्चीवर सोलर आला. पावसाळ्यात तो रुसतो, मग गिझर, मग ऑगस्टचं वीजबिल. पहाटे पाचला पाणी तापलेलं नसलं तर बाकीचं सगळं फुकट.

हे झालं चालवण्याचं. मालकीचं आमच्या घरातलं गणित निराळं.

आजोबांनी जाण्याआधी एका वहीत लिहून ठेवलं होतं: इमारत दोघा भावांची, धंदा थोरल्याचा, धाकट्याला दरमहा भाडं. त्यांना हे एवढं सरळ वाटलं. अण्णा थोरले. काका शिक्षक होते, त्यांना धंद्यात रस नव्हता. काका गेल्यावर हिस्सा काकींकडे आला आणि दर गणपतीत आरती झाली की एक वाक्य यायचं, "गल्ल्यात काय येतं ते आम्हाला कुठं कळतंय?" मला लहानपणी याचा राग यायचा. आता वाटतं, काकींचा प्रश्न हा जगातल्या प्रत्येक हॉटेलमालकाचा प्रश्न आहे. भिंती एकाच्या आणि गल्ला दुसऱ्याच्या हातात असला, की भिंतीवाल्याला झोप कशी लागणार?

मोठ्या कंपन्यांनी ही वाटणी जाणूनबुजून केली. १९९३ मध्ये मॅरियट कंपनीचे दोन तुकडे झाले. एकीकडे इमारती आणि त्यांची कर्जं, दुसरीकडे नाव आणि चालवण्याचं काम. तेव्हापासून अनेक बड्या हॉटेल कंपन्या आपल्या इमारती विकत गेल्या. आज एखाद्या शहरात झगमगीत नावाचं हॉटेल दिसतं, तेव्हा ती जागा बहुतेक वेळा कुणा बिल्डरची, साखर कारखानदाराची नाहीतर एखाद्या कुटुंबाची असते. कंपनी ते फक्त चालवते. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, 'चालवायला देणं'. खानावळ चालवायला देतात, रसवंती चालवायला देतात. फरक एवढाच, की तिथे चालवणारा मालकाला पैसे देतो आणि इथे मालक चालवणाऱ्याला.

म्हणजे कसं, ते मी काकींना कागदावर मांडून दाखवलं होतं. समजा वर्षाचा धंदा एक कोटीचा. चालवणारी कंपनी आधी त्यावर दोन-तीन टक्के घेणार; तीन धरू, म्हणजे तीन लाख. रोजचे खर्च जाऊन ३५ लाख उरले, तर त्यातही तिचा वाटा, आठ टक्के धरला तर २ लाख ८० हजार. मालकाकडे राहिले २९ लाख २० हजार. त्यातून गाद्या, फर्निचर, एसी बदलण्यासाठी धंद्याच्या चार टक्के बाजूला टाकायचे, चार लाख. उरले २५ लाख २० हजार. घरफाळा आणि विमा अजून बाकीच. बँकेचा हप्ता २६ लाखांचा असेल, तर मालक तोट्यात आणि चालवणारा मात्र पावणेसहा लाख घेऊन मोकळा. काकी बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. "मग मालक कशाला म्हणायचं त्याला?" त्या म्हणाल्या.

उलटं उदाहरणही आहे. मोहनसिंग ओबेरॉय सिमल्याच्या सेसिल हॉटेलात कारकून होते. १९३४ मध्ये त्यांनी बायकोचे दागिने आणि होतं नव्हतं ते गहाण टाकून तिथलंच क्लार्क्स हॉटेल घेतलं. पुढे कलकत्त्याचं ग्रँड हॉटेल रोगाच्या साथीनंतर बंद पडलं होतं, कुणी हात लावायला तयार नव्हतं. ते त्यांनी आधी भाड्याने चालवायला घेतलं आणि १९४३ मध्ये विकत. चालवता येणाऱ्याकडे भिंती आपोआप चालत आल्या. आपल्या रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस बघा. राजघराण्यासाठी बांधलेली देखणी वास्तू, पुढे काही वर्षं तिथे हॉटेल चाललं आणि नंतर बंद झालं. कमानी, मनोरा सगळं जागच्या जागी आहे. फक्त रात्री कुणी "किती गेल्या?" विचारत नाही.

कोल्हापूरला हॉटेलच्या मालकीची एक गोष्ट याहून मोठी आहे. गंगाराम कांबळे राजवाड्यावर नोकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना भांडवल देऊन भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला लावलं; 'सत्यसुधारक' त्याचं नाव. दलिताच्या हातचा चहा कोण पिणार, असा तो काळ. महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा मागवायचे, बरोबरच्यांनाही पाजायचे. मी हे शाळेत ऐकलं तेव्हा समतेचा धडा म्हणून ऐकलं होतं, आणि तो आहेच. हिशेब लिहायला लागल्यापासून त्यातली आणखी एक गोष्ट मला हलवून जाते. भांडवल देणारा तिथे मालक म्हणून गेला नाही, गिऱ्हाईक म्हणून गेला. गल्ल्यावर बसण्याचा मान त्याने कांबळ्यांकडे पूर्ण सोपवला आणि मग रस्त्यावरच्या चार माणसांसमोर त्या मानावर स्वतः शिक्कामोर्तब केलं. एवढा चांगला करार मी अजून कागदावर पाहिलेला नाही.

आमचा कागदावरचा करार २०१८ चा. मोबाइलवरून खोल्या विकणाऱ्या एका कंपनीची दोन तरुण मुलं आली. दरमहा ठरावीक रकमेची हमी, नवी पाटी, नव्या चादरी, भिंतींना रंग. बदल्यात लॉजला त्यांचं नाव, आणि दर ठरवायचा तो त्यांच्या संगणकाने. अण्णा थकले होते. एकट्याच्या जिवावर २२ खोल्या भरणं अवघड होत होतं. सही केली. पहिले काही महिने खरंच बरे गेले.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. व्हीनस कॉर्नरला होड्या चालल्या. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, पुण्याची वाट बंद, गाड्या बंद. पाणी उपसायची केंद्रंच बुडाल्यामुळे शहराच्या नळांना पाणी नाही. आमचं लॉज चढावर, तिथवर पूर आला नाही. दारात माणसं उभी राहिली: दर्शनाला आलेलं लातूरकडचं एक कुटुंब, पुण्याचे दोन एमआर, कुंभार गल्लीतून अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली एक म्हातारी आणि तिचा नातू. कंपनीने दिलेला टॅब काउंटरवर होता. मागणी एकदम वाढली हे संगणकाला दूरवर बसून बरोबर कळलं होतं. ११०० ची खोली पडद्यावर ४२०० ला दिसत होती.

अण्णा तेव्हा जिना चढायचे. त्यांनी टॅब बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवला. मामांना म्हणाले, "रजिस्टर काढा." जुनं रजिस्टर निघालं. दर लिहिला ११००, म्हातारीच्या नावापुढे काहीच लिहिलं नाही. पाच दिवस टँकरचं पाणी बादलीबादलीने वर नेलं. एका खोलीत सहा-सहा माणसं. वीज नव्हती तेव्हा जिन्यात मेणबत्त्या लावल्या होत्या, त्यांचे मेणाचे डाग तिसऱ्या पायरीवर अजून आहेत.

पुढच्या महिन्याच्या हिशेबात कंपनीने मोठी रक्कम कापली. बुकिंग नाकारलं, दर डावलला, करारभंग. मी करार काढून वाचला, पुन्हा वाचला. कागदावर ते बरोबर होते. दर ठरवायचा हक्क आम्ही विकला होता, आणि विकलेली वस्तू अण्णांनी पूर आला म्हणून परत घेतली होती. मला त्या कापलेल्या पैशांपेक्षा या गोष्टीचा त्रास जास्त झाला. इमारत आमची, परवाना अण्णांच्या नावावर, पोलिसांना उत्तर द्यायचं तर अण्णांनी द्यायचं, आणि बुडत्या शहरात खोली कितीला द्यायची हे मात्र त्यांनी ठरवायचं नाही! मालकी म्हणजे एक अख्खी वस्तू आहे असं आपण धरून चालतो. ते खरं म्हणजे गाठोडं असतं. भिंती, नाव, दर, माणसं नेमण्याचा अधिकार, रात्री दार उघडायचं की नाही हा अधिकार. सही करताना गाठ सुटते आणि त्यातलं काय काय निघून गेलं, ते पाणी चढल्यावर कळतं.

लॉकडाऊनमध्ये ती कंपनीच मागे फिरली. पाटी आम्ही उतरवली.

आता पुन्हा तीच वेळ आली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. सोलापूर, सातारा, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्गातून वकील आणि पक्षकार येऊ लागले, आणि आमचे सोमवार ते शुक्रवारचे आकडे हलले. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी १२ वरून पाच टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकाचं बिल उतरलं. आमच्यासाठी मात्र रंगकाम, एसी दुरुस्ती, ऑनलाइन बुकिंगवाल्यांचं कमिशन यांवर भरलेला कर वजा करून घ्यायची सोय गेली. एकूण हिशेब बरा, पण बारकाईने बघावा लागणारा. दादा पुण्याहून म्हणाला, एका मोठ्या साखळीचं नाव घेऊ, नाहीतर विकून टाकू. त्याचं चूक नाही, त्याला लांबून दिसतं ते खरंच आहे. साखळीच्या माणसाने येऊन बाथरूम मोजल्या, लिफ्ट कुठे बसेल ते बघितलं, बारा वाजताचा नियम सांगितला. मामा त्याच्या मागोमाग फिरत होते. तो गेल्यावर म्हणाले, "ताई, पाटी काय, कवाबी बदलाय येती. पाणी पाचला तापलं पायजे."

मामा भुदरगडकडचे. सव्वीस वर्षं रात्रीच्या काउंटरवर. त्यांचा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकून गोव्यात नोकरी करत होता, बायको-पोरांसाठी परत यायचं म्हणत होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. चालवायला द्यायचंच असेल, तर जो चालवतोच आहे त्याला का देऊ नये, हे इतकी वर्षं आमच्यापैकी कुणालाच कसं सुचलं नाही?

दादा तयार व्हायला दोन महिने लागले. काकी पहिल्या दिवशी हो म्हणाल्या, एका अटीवर: महिन्याचा हिशेब दोन्ही घरांत एकाच दिवशी आला पाहिजे. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेलवाल्यांच्या संघटनेने सगळ्या हॉटेलांसाठी हिशेबाचा एकसारखा नमुना काढला होता. खोल्यांचं उत्पन्न वेगळं, खाण्यापिण्याचं वेगळं, कुठला खर्च कुणाच्या माथी, हे त्यात ठरवून दिलेलं. त्याच धर्तीवर मी एका पानाचा मराठी तक्ता केला. काकी तो चष्मा लावून ओळ न् ओळ वाचतात. करार तीन वर्षांचा: दरमहा थोडं ठरावीक भाडं, त्यावर एकूण जमेचा वाटा, चार टक्के दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात. दर, माणसं, वेळा सगळं मामांच्या आणि त्यांच्या मुलाच्या हाती. मी एकच कलम हट्टाने घातलं: महापूर, संचारबंदी किंवा प्रवासाची वाट बंद असण्याच्या काळात नेहमीच्या दरापेक्षा जास्त दर घ्यायचा नाही.

मामांनी ते दोनदा वाचलं. कागद खाली ठेवला.

"हे लिवाय लागतंय व्हय, ताई?"

"लागतंय, मामा. उद्या तिथं दुसरं कोण बसंल, त्याच्यासाठी."

ते काही बोलले नाहीत. सही केली, मुलाकडे पेन दिलं.

आता रात्री साडेनऊला मी फोन करत नाही. धंदा त्यांचा आहे, विचारायचा हक्क माझा नाही. महिन्याला कागद येतो तेवढा पुरे. पहिल्या आठवड्यात एका रात्री जेवणं आवरत असताना माझाच फोन वाजला.

"एकोणीस गेल्या," मामा म्हणाले. "काकीस्नी पण आत्ताच सांगितलं."